मॅकडन: आधी फिटर, मग वैमानिक

गेल्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं, ‘पहिल्या महायुद्धातला तुमच्या मते सर्वांत चांगला ब्रिटिश लढाऊ वैमानिक कोण?’ मी एका ओळीत उत्तर दिलं: जेम्स मॅकडन, कारण तो आधी फिटर होता. ती एक ओळ महागात पडली. काही पत्रं रागाची आली, काही कुतूहलाची, आणि एकात तर माझ्या अकलेची मापं काढलेली होती. तेव्हा या वेळचं सगळं सदर मॅकडनवरच. राफेल आणि ड्रोनचे प्रश्न पाठवणाऱ्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न (पुण्याहून, एक निवृत्त बँक अधिकारी): त्या युद्धातले वैमानिक म्हटलं की आम्हाला जर्मनांचा रिख्तहोफेन आठवतो. मॅकडन हे नावही ऐकलेलं नव्हतं. तुमच्या उत्तरानंतर शोधलं तर दिसलं की ब्रिटिशांमध्येच मॅनॉकच्या नावावर ६१ विमानं आहेत आणि मॅकडनच्या नावावर ५७. मग पहिला नंबर कशाच्या जोरावर दिलात?

उत्तर: पाडलेल्या विमानांचा आकडा हाच निकष असेल तर वादच नाही, मॅनॉक पुढे आहे. रिख्तहोफेन ८० वर आहे. पण माझी सगळी नोकरी वायुदलात विमानाच्या पोटाखाली उभं राहून झाली. इंजिन फिटर होतो. आमच्या हँगरात वैमानिकाची किंमत वेगळ्या पद्धतीने ठरायची. विमान धड परत कोण आणतो, बरोबरची पोरं परत कोण आणतो, आणि उतरल्यावर साहेब मेसकडे वळतो की आधी इंजिनाबद्दल दोन शब्द सांगतो, यावर. या तिन्ही कसोट्यांवर मॅकडनच्या जवळ येणारे फार थोडे.

जन्म २८ मार्च १८९५ चा, केंट परगण्यातल्या जिलिंगहॅमचा. वडील रॉयल इंजिनिअर्समध्ये सार्जंट मेजर. म्हणजे घर लष्करी, पण साहेबांच्या बंगल्यांतलं नव्हे, लाइनीतलं. पोरगा काही दिवस पोस्टात निरोप्या होता. १९१० मध्ये वडिलांच्याच दलात बिगुलवाला म्हणून भरती झाला. शीअरनेसला घर होतं तेव्हा जवळच ईस्टचर्चच्या माळावर विमानांचे पहिले प्रयोग चालायचे, ते बघून डोक्यात किडा शिरलेला. थोरला भाऊ विल्यम त्याच्या आधीच विमानांकडे वळला होता. १९१३ मध्ये जेम्सनेही रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश लष्कराच्या विमानदलात, बदली करून घेतली. हुद्दा एअर मेकॅनिक, दुसरा वर्ग. याच्याखाली हुद्दा नव्हता.

सुरुवात कशी झाली ते ऐका. फार्नबरोला आल्या आल्या एका कॉड्रॉन विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने फिरवत होता. स्विच बंद आहे असं धरून चालला होता. इंजिन एकदम सुरू झालं, विमान माणसाशिवाय पळालं आणि दुसऱ्या विमानावर जाऊन आदळलं. पठ्ठ्याला कोठडी मिळाली आणि पगारही कापला गेला. ज्याने कधी हाताने पंखा फिरवला आहे त्याला यात हसण्यासारखं काही वाटणार नाही. मी एचटी-२ ट्रेनरवर काम केलं आहे. कॉम्प्रेशन बघण्यासाठी पंख्याचं पातं तळहाताने ओढायचं, पिस्टन वर येतो तसा पात्यातून दाब जाणवतो, मग एकदम सुटतो. त्या सुटण्याच्या क्षणी अंग मागे घ्यायची सवय लागली नसेल तर माणूस या धंद्यात टिकत नाही. पातं ओढताना पाय कुठे ठेवायचा हे आमच्या उस्तादाने आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं, ‘हे पातं नेहमी चालूच आहे असं समज’ असं बजावून.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं. तीन नंबरची स्क्वाड्रन नेदरएव्हनहून निघायच्या तयारीत होती. १२ ऑगस्टला लेफ्टनंट स्कीन आणि मेकॅनिक बार्लो यांच्या विमानाचा पंखा मॅकडननेच फिरवून दिला. विमान उडालं, थोड्याच वेळात इंजिनाचा आवाज थांबला आणि पाठोपाठ आदळल्याचा आवाज आला. दोघेही गेले. त्या युद्धात फ्लाइंग कोअरने गमावलेली ही पहिली दोन माणसं, आणि शत्रूचं अजून दर्शनही झालेलं नव्हतं. हा आवाज मॅकडनच्या कानातून गेला नाही, त्याच्या आत्मकथनात तो आहे.

फ्रान्समध्ये तो फिटरकी करत होता आणि रिकाम्या जागेवर निरीक्षक म्हणून उडतही होता. मोरान पॅरासोल नावाचं विमान, मागे बसलेल्या माणसाच्या हातात सुरुवातीला साधी रायफल. १९१६ मध्ये वैमानिक झाला, तोही सार्जंट म्हणून. पहिलं विमान पाडलं ६ सप्टेंबर १९१६ ला, २९ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये, डीएच-२ वरून. अधिकाऱ्याचा बिल्ला मिळाला १ जानेवारी १९१७ ला. म्हणजे बिगुलापासून बिल्ल्यापर्यंत सहा वर्षांहून जास्त काळ गेला. ज्या दलात बहुतेक वैमानिक ईटन-हॅरोसारख्या शाळांतून थेट अधिकारी म्हणून यायचे तिथे ही चढण किती उभी होती याचा अंदाज करा.

राहता राहिला मॅनॉक. १९१७ च्या सुरुवातीला मॅकडन जॉयस ग्रीनला शिकवायला होता, आणि त्याच्या हाताखालून गेलेल्यांत हा एडवर्ड मॅनॉक होता. तेव्हा ते ६१ कुणाच्या शिकवणीतून आले हेही मोजून बघा.

प्रश्न (सांगली जिल्ह्यातून, आयटीआयचा विद्यार्थी): सर, मी मेकॅनिक डिझेल करतोय. मॅकडन फिटर होता म्हणून चांगला वैमानिक झाला असं तुम्ही लिहिलं. फिटरकीचा हवेत नक्की काय उपयोग झाला? त्याने इंजिनात काय बदल केले?

उत्तर: मित्रा, तुझ्या प्रश्नासाठी तर हे सदर आहे.

आधी अडचण समजून घे. ऑगस्ट १९१७ पासून मॅकडन ५६ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये बी फ्लाइटचा प्रमुख होता. विमान एसई-५ए. एकच माणूस बसणार, पुढे हिस्पानो-सुइझाचं पाण्याने थंड होणारं आठ सिलिंडरचं व्ही इंजिन, २०० अश्वशक्तीचं. त्या काळात जर्मनांची दोन माणसांची रुम्प्लर विमानं फोटो काढायला यायची ती १८-२० हजार फुटांवरून. आपल्या कळसूबाईवर कळसूबाई असे जवळजवळ पावणेचार डोंगर रचले तर जी उंची होईल तिथून. एसई-५ए तिथवर धापा टाकत पोहोचायचं, आणि पोहोचेपर्यंत पाहुणे फोटो काढून घरी.

आता तू इंजिनवाला आहेस म्हणून विचारतो: उंचीवर इंजिनाची ताकद का जाते? २० हजार फुटांवर हवेचा दाब जमिनीवरच्या निम्म्याहूनही कमी. सिलिंडरमध्ये हवाच कमी शिरते, मग पेट्रोल कितीही ओत. सुपरचार्जर तेव्हा लढाऊ विमानांत नव्हता. मॅकडनने काय केलं, तर जास्त कॉम्प्रेशनचे पिस्टन मिळवून आपल्या इंजिनात बसवून घेतले. थोडी हवा आत येते ना, मग तीच जास्त दाबा. यात एक मेख आहे. असं इंजिन जमिनीजवळ पूर्ण थ्रॉटलवर चालवलं तर ठोकतं, मिश्रण वेळेआधी भडकतं आणि पिस्टनची वाट लागते. म्हणजे खाली हात आवरून चालवायचं आणि विरळ हवेत गेल्यावर खुलं सोडायचं. कुठवर आवरायचं आणि कुठून सोडायचं हे कानाला कळावं लागतं. ज्याने असली इंजिनं स्वतः उघडून जोडली आहेत त्याच्याच कानाला ते कळतं. फिटरकीचा उपयोग तो हा.

त्या इंजिनाचं रडगाणंही सांगून ठेवतो. त्यात पंखा थेट क्रँकवर नव्हता, मध्ये गिअर होते. फ्रान्समधल्या एका कारखान्यातून आलेल्या इंजिनांचे गिअर आणि पंख्याचे शाफ्ट नीट कडक केलेलेच नव्हते. कुणालाही माहीत नव्हतं असं नाही. पण इंजिनांचा दुष्काळ असा की तीच इंजिनं तशीच विमानांत बसवली गेली. पुढे गिअर नसलेलं वुल्सलीचं व्हायपर इंजिन आलं तेव्हा लोकांनी सुटकेचा श्वास टाकला. हीट ट्रीटमेंटचा तास बुडवावासा वाटला की हे आठव.

मग बाकीची कारागिरी. हवेत अडथळा होईल असं जे जे काढता येईल ते त्याने काढलं किंवा छाटलं. १९१७ च्या नोव्हेंबरअखेरीस त्याने एक जर्मन एलव्हीजी विमान पाडलं, ते ब्रिटिशांच्या बाजूला पडलं. त्याच्या पंख्यासमोरची निमुळती टोपी, म्हणजे स्पिनर, त्याने काढून आणली आणि स्वतःच्या विमानाला बसवली. लाल रंग दिला. त्याच्या हिशेबाने तेवढ्याने वेग ताशी ३ मैलांनी वाढला. ३ मैलांसाठी एवढा खटाटोप? पाठलागात दोन विमानांच्या वेगात फरकच तेवढा असतो.

बंदुकांचंही तेच. एसई-५ए वर दोन मशीनगन. एक व्हिकर्स, ती फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून गोळ्या सोडायची. पातं समोर असताना गोळी सुटू नये म्हणून कॉन्स्टँटिनेस्को नावाच्या रुमानियन संशोधकाने तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा केली होती. दुसरी लुईस गन, वरच्या पंखावर कमानीसारख्या पट्टीवर बसवलेली. तिचा ९७ गोळ्यांचा डबा संपला की बंदूक पट्टीवरून खाली ओढायची आणि उघड्या कॉकपिटमध्ये, ताशी १०० मैलांच्या वाऱ्यात, थिजलेल्या बोटांनी डबा बदलायचा. तोवर विमानाची दांडी गुडघ्यांत धरायची. गोळी अडकली तर हवेतच सोडवायची. मॅकडन बंदुकांची मांडणी आणि नेम जमिनीवर तासन्‌तास तपासत बसायचा. लोक त्याला त्यावरून हसायचे म्हणे. हसू देत.

याची किंमत शरीराने मोजली. एवढ्या उंचीवर उघड्या कॉकपिटमध्ये, हिवाळ्यात, ऑक्सिजनशिवाय तासाहून जास्त वेळ. खाली आल्यावर डोकं फुटेल असं दुखायचं, अंगात रक्त परत फिरताना जीव नकोसा व्हायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. २३ डिसेंबर १९१७ ला त्याने एका दिवसात चार विमानं पाडली, आणि फेब्रुवारीत पुन्हा चार. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक त्याला पुढे मिळालं, त्याच्या मानपत्रात नोंद आहे की दुसऱ्या वेळची चारही दीड तासात गेली.

प्रश्न (नागपूरहून, पालीच्या अभ्यासक): मॅकडनबद्दल वाचताना ‘ऱ्हीस डेव्हिड्स’ नावाच्या वैमानिकाचा उल्लेख दिसला. पालीचे प्रसिद्ध पंडित ऱ्हीस डेव्हिड्स यांच्याशी काही संबंध? आणखी एक: मॅकडन मुख्यतः दोन माणसांची, फोटो काढणारी विमानं मागून-खालून जाऊन पाडत असे. याला शौर्य म्हणायचं का?

उत्तर: ताई, संबंध आहे, आणि अगदी जवळचा आहे. आर्थर ऱ्हीस डेव्हिड्स हा त्यांचा मुलगा. वडील थॉमस विल्यम यांनी १८८१ मध्ये लंडनला पाली टेक्स्ट सोसायटी काढली, हे तुम्हाला मी सांगायला नको. आई कॅरोलाइन, थेरीगाथेचं, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या पाली कवितांचं, इंग्रजी भाषांतर करणाऱ्या. अशा घरातला हा मुलगा ईटनला शिकला आणि विद्यापीठात जायच्या वयात ५६ स्क्वाड्रनमध्ये मॅकडनबरोबर उडत होता. एक बिगुलवाला, एक पंडितांचा पोर.

दोघांचं नाव एकत्र येतं ते २३ सप्टेंबर १९१७ च्या संध्याकाळमुळे. पोलकापेलजवळ वेर्नर फॉस नावाचा जर्मन वैमानिक नव्या फॉकर ट्रायप्लेनमध्ये एकटा सापडला. वय २०, नावावर ४८ विमानं. समोर ५६ स्क्वाड्रनची सात-आठ एसई-५ए, त्यांत मॅकडन. फॉसला निसटता आलं असतं, त्याचं विमान वर चढायला जास्त चपळ होतं. तो निसटला नाही. दहाएक मिनिटं तो एकटा त्या सगळ्यांशी खेळला, जवळजवळ प्रत्येक विमानाला भोकं पाडली, दोघांना तर लढाई सोडून उतरायला लावलं. शेवटी ऱ्हीस डेव्हिड्स त्याच्या शेपटीमागे बसला आणि संपलं. मॅकडनने वरून ते विमान जमिनीवर आदळून चुरा झालेलं पाहिलं. त्या रात्री मेसमध्ये अभिनंदन होत असताना ऱ्हीस डेव्हिड्सच्या तोंडी एकच होतं, त्याला जिवंत उतरवता आलं असतं तर! हे मॅकडननेच लिहून ठेवलं आहे. महिनाभराने, २७ ऑक्टोबरला, ऱ्हीस डेव्हिड्सही परतला नाही. त्याचंही वय २०. दोघांचीही कबर नाही. कॅरोलाइनबाई पुढे मृतात्म्यांशी संवाद वगैरेकडे वळल्या. पाली अभ्यासक त्यांच्या नंतरच्या लेखनाला नाकं मुरडतात, पण त्यामागे हा मुलगा आहे हे विसरून चालत नाही.

आता शौर्याचं. दोन माणसांचं विमान म्हणजे बापुडवाणं गिऱ्हाईक असं समजू नका. मागे बसलेल्याच्या हातात चौफेर फिरणारी मशीनगन असायची. तिला एकच आंधळी जागा, स्वतःच्या शेपटीच्या खालची, कारण तिथे गोळी झाडली तर आपलीच शेपटी उडणार. मॅकडन ती जागा हेरून, सूर्य पाठीशी घेऊन, न दिसता तिथे पोहोचायचा आणि अगदी जवळून थोड्याच गोळ्या सोडायचा. जागा मनासारखी मिळाली नाही तर लढाई सोडून द्यायचा, त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. आणि त्या विमानाने काढलेले फोटो व तोफांना दिलेले इशारे यांच्यावर खाली खंदकात किती माणसं मरणार हे ठरायचं. लढाऊ विमानं मुळात त्यासाठीच जन्माला आली, एकमेकांशी द्वंद्व खेळायला नव्हे.

पण तुमच्या प्रश्नातली टोचणी मी नाकारत नाही. दोन माणसांचं विमान पडलं की दोन माणसं पडतात. ५७ हा विमानांचा आकडा आहे. गोष्टी सांगणारे तो माणसांत मोजत नाहीत. फॉसची दहा मिनिटं सगळ्यांना पाठ, त्या डझनावारी रुम्प्लरमधल्या फोटोग्राफरांची नावं कुणाला माहीत नाहीत. मला फॉसच्या कथेपेक्षा हे जास्त खटकतं.

प्रश्न (कोल्हापूरहून): त्या काळच्या वैमानिकांना इंजिनातल्या एरंडेलामुळे जुलाब व्हायचे, हे खरं की थाप?

उत्तर: खरं. रोटरी इंजिनात क्रँक स्थिर आणि सिलिंडरं पंख्याबरोबर गरगर फिरतात. पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधूनच जातं, म्हणून वंगण असं हवं की ते पेट्रोलमध्ये विरघळणार नाही. एरंडेल नेमकं तसं. एकदा वापरलेलं तेल परत येत नाही, धुरातून आणि तुषारांतून बाहेर फेकलं जातं. पुढे इंजिन, मागे वैमानिकाचं तोंड. पुढचं आजीला विचारा. हिंदुस्थान तेव्हा एरंडीचा मोठा निर्यातदार होता, तेव्हा या पोटदुखीत आपलाही वाटा असणार. मॅकडनच्या बाबतीत म्हणाल तर मोरान पॅरासोलवर त्याने हा प्रसाद घेतला. डीएच-२ चं इंजिनही रोटरीच, पण ते वैमानिकाच्या पाठीमागे होतं, त्यामुळे तेल शेपटीकडे जायचं. एसई-५ए ला हा त्रास नव्हता.

प्रश्न (ठाण्याहून): त्यांच्याकडे पॅराशूट का नव्हतं?

उत्तर: दिलं नाही म्हणून नव्हतं. पॅराशूट अस्तित्वात होतं. फुग्यात बसून टेहळणी करणाऱ्यांना ते मिळायचं, ब्रिटनमध्ये कॅल्थ्रॉप नावाच्या इंजिनिअरने ‘गार्डियन एंजल’ नावाचं तयारही केलं होतं. वजन, जागा, अडचण अशी कारणं सांगितली गेली. जर्मनांनी १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना दिलं, तेही तेव्हाच्याच लहानशा विमानांत. पेटलेल्या विमानातून उडी मारायची की जळायचं एवढीच निवड ब्रिटिश पोरांना युद्ध संपेपर्यंत राहिली. कारणं देणाऱ्यांपैकी कुणी रोज उडत नव्हतं, याहून जास्त मी लिहीत नाही.

प्रश्न (डोंबिवलीहून): या सगळ्यात कुणी भारतीय होता का?

उत्तर: होता, आणि तो थेट मॅकडनच्याच स्क्वाड्रनमध्ये. कलकत्त्यात जन्मलेला इंद्रलाल रॉय १९१७ च्या ऑक्टोबरअखेरीस ५६ स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्याची एसई-५ए कोसळली, तो जबर जखमी झाला आणि कित्येक महिने उडण्यापासून लांब राहिला. परत आला तो ४० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये. ६ ते १९ जुलै १९१८ या दोन आठवड्यांत दहा विमानं, आणि २२ जुलैला लढाईत मृत्यू. वीस वर्षंही पुरी झाली नव्हती. १९९८ मध्ये आपल्या टपाल खात्याने त्याचं तिकीट काढलं.

मराठी माणूस विचाराल तर मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर. २३ नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन उडवायचा. १९१८ च्या जूनअखेरीस पडला, जर्मनांच्या ताब्यात असताना जखमांनी गेला. त्याची कबर फ्रान्समध्ये हँगार्डला आहे. हरदित सिंग मलिक मात्र वाचला, पगडीवर बसेल असं खास मोठं हेल्मेट करून घेऊन उडाला, आणि स्वतंत्र भारताचा फ्रान्समधला राजदूत झाला. वेलिणकरच्या घराण्यातल्या कुणाकडे त्याची पत्रं असतील तर या सदराला ती वाचायला नक्की आवडतील.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगरहून, एक कॉलेज विद्यार्थिनी): मॅकडनचा मृत्यू लढाईत झाला का?

उत्तर: नाही गं. मार्च १९१८ मध्ये त्याला विश्रांतीसाठी इंग्लंडला पाठवलं. त्याच महिन्यात १८ तारखेला त्याचा धाकटा भाऊ जॉन, तोही लढाऊ वैमानिक, मारला गेला. थोरला विल्यम १९१५ मध्येच विमान अपघातात गेलेला होता. २ एप्रिलला व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. त्याच्या मानपत्रात ५४ विमानांची नोंद आहे. त्यांतली ४२ निर्विवाद नष्ट, आणि १९ ब्रिटिशांच्याच बाजूला पडलेली. बाकीच्यांच्या आकड्यांवर वाद होतात, याच्यावर फार कमी होतात, कारण त्या १९ चे अवशेष जागेवरच मोजता आले. त्या युद्धात शौर्यपदकं सर्वांत जास्त मिळवलेला ब्रिटिश वैमानिक तोच.

स्कॉटलंडमध्ये एअरला काही महिने शिकवलं, आत्मकथन लिहून काढलं, मेजर झाला, आणि ६० नंबरच्या स्क्वाड्रनचा ताबा घ्यायला ९ जुलैला नवी एसई-५ए घेऊन फ्रान्सला निघाला. त्या स्क्वाड्रनचा बोफ्लचा तळ अगदी जवळ आला होता. रस्ता विचारायला ऑक्सी-ले-शातो इथल्या धावपट्टीवर उतरला. विचारलं, पुन्हा उडाला, आणि थोड्याच उंचीवर इंजिनाने दगा दिला. विमान कडेच्या झाडीत कोसळलं. त्याच संध्याकाळी, शुद्धीवर न येता, तो गेला. वय २३.

उडाल्या उडाल्या इंजिन गेलं तर नाक खाली घालून समोर मिळेल त्या जागी उतरायचं, धावपट्टीकडे वळायचं नाही, हा नियम तेव्हाही पहिल्या धड्यात होता. वळताना वेग हवा असतो, आणि तो मिळवायला लागणारी उंची नेमकी नसते. तो वळायला गेला असंच बहुतेक ठिकाणी लिहिलेलं आढळतं. समोर झाडी होती. तू किंवा मी तिथे नव्हतो, तेव्हा त्याला शिकवायला जाऊ नये. सतरा दिवसांनी त्याचा शिष्य मॅनॉकही गेला, जमिनीवरून आलेल्या गोळीबारात.

प्रश्न (रत्नागिरीहून): मुलगी लंडनला असते, दिवाळीनंतर तिच्याकडे जातोय. ही विमानं अजून कुठे बघायला मिळतील?

उत्तर: लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये एक एसई-५ए टांगलेली आहे, ती सहज होईल. पण शक्य असेल तर बेडफर्डशरमधल्या ओल्ड वॉर्डनला जा. तिथल्या शटलवर्थ संग्रहातली एसई-५ए त्या काळातलीच आहे आणि अजून उडते. उडण्याचे कार्यक्रम उन्हाळ्यात असतात, म्हणून जमलं तर तिकीट मेपर्यंत पुढे ढकला, मुलगी काही रागावणार नाही. मॅकडनची पदकं जिलिंगहॅमला रॉयल इंजिनिअर्सच्या संग्रहालयात आहेत, लंडनहून रेल्वेने जाऊन दिवसात परत येता येतं. ओल्ड वॉर्डनला इंजिन सुरू करताना दोरीच्या अलीकडे अगदी पुढे उभे राहा, आणि वैमानिकाकडे नको, पंख्याजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या हातापायांकडे बघा.